मधमाश्यांना घातक कीटकनाशकांवरील सरकारी निर्बंध कसे वाचावेत आणि कसे पाळावेत

एखाद्या कीटकनाशकावर बंदी आल्याची बातमी येते, तेव्हा बहुतेक वेळा ती पूर्ण बंदी नसते. सरकारने त्या औषधाच्या वापराला अटी घातलेल्या असतात: कोणत्या पिकावर वापरायचे, पिकाच्या कोणत्या अवस्थेत, दिवसाच्या कोणत्या वेळी, उघड्या शेतात की हरितगृहात, फवारून की बियाण्याला चोळून, आणि कोणाच्या हातून. बातमीच्या मथळ्यात या अटी मावत नाहीत, आणि मधमाशीचे जगणे-मरणे मात्र त्यांवरच अवलंबून असते. फवारणी करणारा शेतकरी, उद्याने आणि रस्त्याकडेची झाडे सांभाळणारा कर्मचारी आणि मधपेट्या ठेवणारा मधपाळ या सर्वांना या अटी स्वतः वाचता याव्यात, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते. या निर्बंधांची भाषा देशोदेशी वेगळी असली, तरी त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नाकडे असतो: विष आणि मधमाशी यांची गाठ फुलावर पडते का? फूल उमललेले असताना औषध त्यावर पडले, किंवा आधी दिलेले औषध झाडाच्या रसातून परागकणांत आणि मकरंदात उतरले, तर ती गाठ पडते. नियम वाचताना हा प्रश्न मनात असला, की किचकट वाटणारे कलमही उलगडते, आणि नियमात न लिहिलेला धोकाही ओळखता येतो.

आधी क्रियाशील घटक शोधावा

निर्बंध हे डब्यावरच्या व्यापारी नावावर नसतात, तर आतल्या क्रियाशील घटकावर असतात. एकच घटक अनेक नावांनी विकला जातो, आणि कधी कधी एकाच डब्यात दोन घटक एकत्र असतात. त्यामुळे पहिले काम म्हणजे लेबलावरील घटकाचे नाव आणि त्याचे टक्केवारीतील प्रमाण वहीत उतरवून घेणे. मधमाश्यांच्या संदर्भात ज्यांच्याबद्दल जगभर सर्वाधिक नियम झाले, ते निओनिकोटिनॉइड गटातील तीन घटक म्हणजे इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम. याच गटातील डायनोटेफ्युरान, तसेच दुसऱ्या गटांतील फिप्रोनिल आणि सल्फोक्झाफ्लॉर यांवरही काही देशांत मर्यादा आहेत. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि पायरेथ्रॉइड गटांतील अनेक औषधेही मधमाशीला थेट मारतात. ती जुनी आणि ओळखीची असल्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, इतकेच.

विषारीपणा मोजण्याची पद्धत समजून घेतली, की लेबलावरील शब्दांना अर्थ येतो. प्रयोगात ज्या मात्रेने निम्म्या मधमाश्या मरतात, ती मात्रा प्रमाण मानली जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वर्गीकरणानुसार ही मात्रा एका मधमाशीमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर औषध अतिविषारी, २ ते ११ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असेल तर मध्यम विषारी, आणि त्याहून जास्त असेल तर व्यवहारात बिनविषारी समजले जाते. इमिडाक्लोप्रिड पोटात गेल्यास ही मात्रा सुमारे ०.००३७ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका ग्रॅममध्ये अशा जवळपास २७ कोटी मात्रा भरतात. त्याच गटातील अ‍ॅसिटामिप्रिडसाठी ती १४ मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. गट एकच, पण फरक हजारो पटींचा आहे. म्हणूनच ‘निओनिकोटिनॉइड’ एवढाच शब्द पाहून निर्णय घेऊ नये, घटकाचे नाव पाहावे.

मात्र ही संख्या फक्त लगेच होणाऱ्या मृत्यूची आहे. निओनिकोटिनॉइड मधमाशीच्या मज्जातंतूंवर काम करते, आणि मरणाच्या मात्रेपेक्षा कमी विष पोटात गेले तरी माशी वाट विसरते. फ्रान्समधील संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओ-खुणा चिकटवून केलेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच बाबतीतला होता: थायामेथोक्झामची अल्प मात्रा दिलेल्या माश्यांपैकी पोळ्याकडे न परतणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. अशा माश्या कोणाला मेलेल्या दिसत नाहीत. पोळ्यातील गर्दी मात्र हळूहळू कमी होत जाते, आणि औषधाने काही झाले नाही अशी फवारणाऱ्याची प्रामाणिक समजूत होते.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. भारतात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकांच्या लेबलावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, आणि हिरवा म्हणजे निर्धोक असे सर्रास मानले जाते. हा रंग सस्तन प्राण्यांवरील विषारीपणावरून ठरतो. त्याचा मधमाशीशी संबंध नाही. माणसाला तुलनेने सौम्य असलेले औषध मधमाशीला अतिविषारी असू शकते. किंबहुना कीटकाला मारावे आणि माणसाला कमी बाधावे, हाच निओनिकोटिनॉइड गटाच्या लोकप्रियतेचा आधार होता. त्रिकोणाचा रंग फवारणाऱ्याच्या जिवासाठी पाहावा, आणि मधमाशीसाठी लेबल व माहितीपत्रकातील मजकूर वाचावा.

निर्बंधाची जात ओळखावी

घटक कळला, की त्यावर नेमका कोणता निर्बंध आहे हे शोधावे. युरोपीय संघाचा अनुभव येथे उपयोगी पडतो, कारण एकाच औषधावरचा निर्बंध टप्प्याटप्प्याने कसा घट्ट होत जातो हे त्यात स्पष्ट दिसते. जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर उल्लेखिलेल्या तीन घटकांच्या धोक्यांचे मूल्यमापन प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरपासून मधमाश्यांना आकर्षित करणाऱ्या पिकांवर त्यांच्या वापराला बंधने आली. हरितगृहातील वापर, तसेच काही पिकांवर फुलोरा संपल्यानंतरची फवारणी यांना तेव्हा मुभा होती. पुढे असे दिसून आले, की हे औषध जमिनीत टिकते, काही जमिनींत तर हजार दिवसांहूनही अधिक काळ, आणि नंतरच्या पिकाच्या किंवा बांधावरच्या रानफुलांच्या मकरंदात उतरते. त्यामुळे २०१८ च्या मे महिन्यात उघड्यावरील सर्व वापर बंद करणारे नियम झाले आणि त्या वर्षीच्या १९ डिसेंबरपासून ते पूर्णपणे लागू झाले. त्यानंतर परवानगी उरली ती फक्त कायमस्वरूपी हरितगृहात, आणि तीही पीक आपले संपूर्ण आयुष्य तेथेच काढणार असेल तर; पुढे २०२० अखेरपर्यंत तिन्ही घटकांची मान्यताच संपली. म्हणजे त्या अटीनुसार हरितगृहात औषध देऊन वाढवलेले रोप बाहेर नेऊन लावणे हाही नियमभंग ठरत होता. अशी अट वाचताना ‘हरितगृहात चालते’ एवढ्यावर थांबणारा वाचक नकळत चूक करतो.

काही निर्बंध वेळेचे असतात. जर्मनीत प्रत्येक औषधाला मधमाश्यांच्या दृष्टीने बी-१ ते बी-४ असा वर्ग दिलेला असतो. बी-१ औषध फुललेल्या किंवा माश्या ज्यांवर येत आहेत अशा कोणत्याही झाडांवर मारता येत नाही. त्यात पिकाइतकेच फुललेले तणही आले. बी-२ औषध माश्यांची दिवसभराची ये-जा संपल्यानंतर रात्री ११ वाजेपर्यंत मारता येते. रात्री उशिरा मर्यादा घालण्याचे कारण उघड आहे: पहाटे माश्या बाहेर पडण्याआधी औषध पानाफुलांवर वाळले पाहिजे. फ्रान्सने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये काढलेल्या आदेशानुसार माश्यांना आकर्षित करणाऱ्या पिकावर फुलोऱ्याच्या काळात फवारणी करायची, तर ती सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांपासून सूर्यास्तानंतरच्या तीन तासांपर्यंतच करावी लागते, आणि हा नियम कीटकनाशकांपुरता न ठेवता बुरशीनाशके व तणनाशके यांनाही लावला आहे. माझ्या मते ही दुसरी बाब अधिक दूरदृष्टीची आहे. तिचे कारण मिश्रणांविषयी लिहिताना येईल.

काही निर्बंध अंतराचे असतात, जसे जर्मनीतील ६० मीटरचा: मधपेट्यांपासून एवढ्या अंतराच्या आत, माश्यांची ये-जा चालू असताना, घातक वर्गातील औषध मधपाळाच्या संमतीशिवाय मारता येत नाही. काही निर्बंध खरेदीवर असतात. फ्रान्समध्ये २०१९ पासून घरगुती बागकामासाठी रासायनिक कीटकनाशके विकत मिळत नाहीत, आणि अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०१६ साली कायदा करून सामान्य ग्राहकांच्या निओनिकोटिनॉइड वापराला आळा घातला. व्यावसायिक वापर दोन्ही ठिकाणी वेगळ्या नियमांखाली येतो.

बियाण्यावरील औषधाचा विचार स्वतंत्रपणे करावा, कारण तेथे फवारणी दिसतच नाही. २००८ च्या वसंतात जर्मनीच्या ऱ्हाईन खोऱ्यात मक्याच्या पेरणीच्या वेळी मोठ्या प्रमाणावर मधमाश्या मेल्या आणि सुमारे ११,५०० वसाहतींचे नुकसान झाले. बियाण्यावरचा क्लोथियानिडिनचा लेप नीट चिकटलेला नव्हता. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांनी तो भुकटीच्या रूपात बाहेर फेकला, आणि वाऱ्याने ती भुकटी शेजारच्या फुललेल्या पिकांवर व झाडांवर जाऊन बसली. मक्याच्या शेतात तेव्हा एकही फूल नव्हते. जर्मनीने त्याच महिन्यात ही बीजप्रक्रिया स्थगित केली, आणि इटलीनेही त्या वर्षी मक्यासाठी तसाच निर्णय घेतला. तरीही लेपित बियाण्याला अनेक ठिकाणी कीटकनाशक म्हणून धरले जात नाही. अमेरिकेत ते ‘प्रक्रिया केलेली वस्तू’ या सदरात बसवून कीटकनाशकांच्या नोंदणीतून वगळले जाते, तर कॅनडाच्या क्युबेक प्रांतात ते पेरण्यासाठी कृषितज्ज्ञाचे लेखी समर्थन लागते. म्हणून बियाण्याची पिशवी उघडण्यापूर्वी तिच्यावरील पट्टी वाचावी, बियाणे ओतताना पिशवी झटकू नये, तळाशी साठलेली रंगीत भुकटी यंत्रात टाकू नये, आणि यंत्रातील हवा जमिनीच्या दिशेने सोडण्याची सोय असल्याशिवाय असे बियाणे पेरू नये. वारा फुललेल्या शेताकडे वाहत असेल, तर पेरणी त्या दिवशी थांबवावी.

शेवटी सवलती. युरोपीय संघाच्या कायद्यात आणीबाणीच्या परिस्थितीत १२० दिवसांपर्यंत तात्पुरती परवानगी देण्याची तरतूद आहे, आणि अनेक सदस्य देशांनी तिचा आधार घेऊन शर्कराकंदाच्या (शुगर बीट) बियाण्यासाठी बंदी असलेले घटक पुन्हा पुन्हा वापरू दिले. जानेवारी २०२३ मध्ये संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ज्या घटकांनी प्रक्रिया केलेल्या बियाण्याला संघपातळीवर बंदी आहे, त्याला अशी सवलत देता येत नाही. ब्रिटनमध्येही शर्कराकंदासाठी थायामेथोक्झामला सवलती दिल्या गेल्या. २०२२ च्या सवलतीत अशी अट होती, की त्या शेतात पुढचे ३२ महिने फुलणारे पीक घेऊ नये. शर्कराकंद स्वतः काढणीपूर्वी फुलत नाही, तरी ही अट घालावी लागली, यावरूनच जमिनीत उरणाऱ्या विषाची लांबी कळते. २०२५ साली ही सवलत नाकारण्यात आली. आपल्या हाती एखादी सवलत आली, तर तिची मुदत, तिचे पीक आणि अशी पुढच्या हंगामांवर पडणारी अट या तीन गोष्टी वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात. पहिल्या वर्षी परवानगी घेणारा आणि तिसऱ्या वर्षी त्याच शेतात फुलांचे पीक लावणारा माणूस बहुधा एकच असतो, पण तोपर्यंत अट विसरली गेलेली असते.

लेबलावरील वाक्य शब्दशः वाचावे

मधमाश्यांविषयीची सूचना बहुधा पर्यावरणविषयक धोक्यांच्या परिच्छेदात किंवा घडी घातलेल्या माहितीपत्रकात असते. अमेरिकेने २०१३ मध्ये निओनिकोटिनॉइड औषधांच्या लेबलावर चौकटीच्या आत माशीचे चिन्ह असलेली वेगळी सूचना सक्तीची केली, कारण मजकुरात दडलेली सूचना वाचली जात नव्हती. असे चिन्ह नसेल, तेथे शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

वाक्यातील क्रियापदाकडे नीट लक्ष द्यावे. ‘माश्या भेट देत असताना फवारू नये’ आणि ‘पीक फुलोऱ्यात असताना फवारू नये’ ही दोन वेगळी बंधने आहेत. पहिल्यात संध्याकाळी माश्या घरी गेल्यावर फवारणीला वाव राहतो, दुसऱ्यात फुलोरा संपेपर्यंत वाव नाही. ‘पाकळ्या गळेपर्यंत’ असे शब्द असतील, तर झाडावरची शेवटची फुले गळेपर्यंत थांबावे, निम्मी गळाली म्हणून औषध काढू नये. ‘पिकावर किंवा तणांवर औषध उडू देऊ नये’ अशी सूचना असेल, तर शेजारचे शेतही तुमच्या जबाबदारीत येते.

औषध मारल्यानंतर किती तास त्याचा अंश घातक राहतो, हीही माहिती मिळवावी. अमेरिकेत यासाठी, औषध वाळलेल्या पानांवर ठेवलेल्या माश्यांपैकी मरणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत खाली यायला किती वेळ लागतो, हे मोजतात. काही औषधांचा प्रभाव काही तासांत ओसरतो, काहींचा दिवसेंदिवस राहतो. ज्याचा अंश सकाळपर्यंत टिकतो, ते संध्याकाळी मारूनही उपयोग नाही. हे समजले, की संध्याकाळी फवारावे हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला कुठे चालतो आणि कुठे अपुरा पडतो, ते कळते. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून सर्वत्र पसरणाऱ्या, औषधांच्या बाबतीत तर तो जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण विष फुलाच्या बाहेर नसून आत असते, आणि दुसऱ्या दिवशीच्या मकरंदातूनही ते येत राहते. भुकटी आणि सूक्ष्म कवचातील औषधे आणखी एका कारणाने वाईट: त्यांचे कण परागकणांसारखे माशीच्या केसांना चिकटतात, आणि ती ते परागांबरोबर पोळ्यात नेऊन साठवते.

शेतात उतरून पाहावे

फवारणीच्या आदल्या दिवशी सकाळी, ऊन वर आल्यावर, शेतात जाऊन खाली बसावे. उभे राहून पिकाकडे पाहिले तर पिकाचीच फुले दिसतात. बसल्यावर खालचे दिसते: पिकाच्या ओळींमध्ये उमललेली बारीक तणफुले, झाडांच्या बुंध्याशी पसरलेला पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा थर, आणि त्यावर न आवाज करता फिरणाऱ्या लहान माश्या. एका जागी नजर स्थिर ठेवून पूर्ण एक मिनिट थांबावे आणि तेवढ्या तुकड्यात किती माश्या फुलावर उतरल्या ते मोजावे. असे चार-पाच ठिकाणी करावे. पीक कळीत आहे म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाला येथे पहिला धक्का बसतो, कारण माश्या तणांवर कामाला लागलेल्या असतात. तणे फुलली असतील तर ती आधी कापावीत किंवा उपटावीत, आणि मग एक-दोन दिवसांनी फवारणीचा विचार करावा.

याच वेळी पिकावरची कीड खरोखर औषध मारण्याइतकी आहे का, हेही मोजावे. मावा दिसला की औषध काढले, ही सवय मधमाश्यांच्या नाशाचे एक मोठे कारण आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील विल्सनव्हिल येथे जून २०१३ मध्ये नेमके हेच घडले. वाहनतळाच्या कडेने लावलेल्या लिंडन वृक्षांवर मावा पडला होता, म्हणून फुललेल्या झाडांवर डायनोटेफ्युरान फवारले गेले. त्या झाडांखाली सुमारे ५०,००० बंबलबी, म्हणजे जाडजूड केसाळ रानमाश्या, मरून पडल्या. आणखी माश्या येऊ नयेत म्हणून लोकांना अख्ख्या झाडांना जाळी गुंडाळावी लागली, कारण फवारलेले विष परत घेण्याचा मार्ग नव्हता. फुललेल्या झाडावर फवारू नये असे त्या औषधाच्या लेबलावर लिहिलेलेच होते. पुढे त्या राज्याने लिंडन वृक्षांवर डायनोटेफ्युरानसह चार निओनिकोटिनॉइड घटकांचा वापर पूर्ण बंद केला. लेबलावरचे एक वाक्य पाळले असते, तर त्या नव्या नियमाची वेळ आली नसती.

वेळ, वारा आणि मिश्रण

मधमाश्या साधारणपणे तापमान १० ते १२ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर बाहेर पडतात आणि अंधार पडण्याआधी परततात. नियमात दिलेली घड्याळातील वेळ ही मर्यादा समजावी, आणि प्रत्यक्ष निर्णय फुलांकडे पाहून घ्यावा. उष्ण संध्याकाळी माश्या उशिरापर्यंत फिरतात. भोपळ्याच्या वर्गातील फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, त्यामुळे त्यांच्यावर पहाटेची फवारणी सर्वांत वाईट. आग्या मोहोळाच्या माश्या तर चांदण्या रात्रीही चाऱ्यासाठी बाहेर पडतात. ज्या भागात त्यांचा वावर आहे, तेथे पौर्णिमेच्या आसपास रात्रीची फवारणी सुरक्षित धरू नये. हा तपशील नियमपुस्तिकांत सहसा सापडत नाही, कारण बहुतेक नियम पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय माशीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले आहेत.

वारा अगदीच पडलेला असेल तर सूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात, आणि जोरात असेल तर ते शेजारी जातात. मंद, एका दिशेने वाहणारा वारा असावा आणि त्या दिशेला फुले, पाणवठा किंवा मधपेट्या नसाव्यात. मोठे थेंब देणारे नोझल वापरावे. मधमाश्या पाणीही पितात, म्हणून पंप धुतलेले पाणी उघड्या खड्ड्यात किंवा चरात साचू देऊ नये.

मिश्रणाच्या बाबतीत मी विशेष आग्रही आहे. मजुरी वाचावी म्हणून कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकाच पंपात मिसळले जाते, आणि दोन्हींची लेबले वेगवेगळी वाचली तर दोन्ही निर्धोक वाटतात. परंतु प्रोपिकोनाझोलसारखी काही बुरशीनाशके मधमाशीच्या शरीरातील विष निष्प्रभ करणारी विकरे (एन्झाइम) अडवतात. अ‍ॅसिटामिप्रिड किंवा थायाक्लोप्रिड मधमाशीला तुलनेने कमी बाधते, ते याच विकरांमुळे. ती अडली, की सौम्य औषध कित्येक पटींनी तीव्र होते. काही पायरेथ्रॉइड औषधांबाबतही हेच घडते. म्हणूनच जर्मनीत एरवी मधमाश्यांना निर्धोक मानल्या जाणाऱ्या बी-४ वर्गात असलेली काही औषधे ठरावीक बुरशीनाशकांबरोबर मिसळल्यास फुलोऱ्यात त्यांच्या वापरावर बंधन येते. आपल्या येथील नियमात असे बंधन लिहिलेले नसले, तरी फुलोऱ्याच्या काळात मिश्रण करू नये, आणि दोन फवारण्यांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवावे.

मधपाळाला आधी कळवावे

मधमाशी चाऱ्यासाठी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. तेवढ्या परिघातील मधपाळ कोण, हे हंगामाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावे, आणि फवारणीच्या किमान दोन दिवस आधी औषधाचा क्रियाशील घटक, पीक, तारीख आणि वेळ कळवावी. ‘उद्या औषध मारतोय’ एवढ्या निरोपाने मधपाळाला काहीच ठरवता येत नाही. काही तासांत प्रभाव ओसरणारे औषध असेल तर पेट्या थोडा वेळ झाकता येतात, पण आंतरप्रवाही असेल तर हलवाव्याच लागतात. पेट्यांची दारे बंद करण्याचा उपाय जपून करावा. उन्हात बंद पेटीतील वसाहत गुदमरून आणि तापून मरते, म्हणून हवा, सावली, ओले गोणपाट आणि पाणी यांची सोय असेल तरच, आणि तीही थोड्या तासांसाठी, दारे बंद करावीत. रानातील पोळी आणि जमिनीत घर करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माश्या हलवता किंवा झाकता येत नाहीत. त्यांच्यासाठी फुलोऱ्यात न फवारणे एवढाच उपाय उरतो.

विषबाधा झाल्यास

पेटीसमोर अचानक मेलेल्या माश्यांचा ढीग दिसणे, जिवंत माश्यांची थरथर, पाठीवर पडून गोल गोल फिरणे, तोंडाची सोंड बाहेर आलेली असणे आणि पहारेकरी माश्यांनी परतणाऱ्या माश्यांना दारातच अडवणे, ही विषबाधेची लक्षणे आहेत. उपासमारीत वसाहतीतील मध संपलेला असतो, आणि रोगात ऱ्हास सहसा हळूहळू होतो. शंका असेल तर पेटी उघडून मधाचा साठा आणि अंडी-अळ्यांची स्थिती आधी पाहावी.

नमुना त्याच दिवशी गोळा करावा, कारण उन्हात आणि पावसात औषधाचा अंश झपाट्याने कमी होतो. जर्मनीत अशा प्रकरणांची तपासणी करणारी युलियस क्यून संस्था सुमारे १,००० मेलेल्या माश्या, म्हणजे साधारण १०० ग्रॅम, आणि ज्या पिकावर फवारणीचा संशय आहे त्याचे १०० ग्रॅम फुलापानांचे नमुने मागते. इतर देशांतही एवढा नमुना असला तर प्रयोगशाळेचे काम अडत नाही. माश्या आणि झाडपाला वेगवेगळा ठेवावा, हाताळताना हातमोजे घालावेत, आणि नमुना लगेच गोठवावा. पेटीचे, ढिगाचे आणि आसपासच्या फुललेल्या शेतांचे फोटो तारीख-वेळेसह काढावेत. एक साक्षीदार सोबत असावा, शक्यतो कृषी खात्याचा कर्मचारी. नमुन्याचा अर्धा भाग स्वतःकडे गोठवून ठेवावा. शेजाऱ्यावर थेट आरोप करण्याआधी कोणत्या शेतात कोणते औषध कधी मारले, हे शांतपणे विचारून लिहून घ्यावे. त्याने स्वतःची फवारणीची वही ठेवलेली असेल, तर निम्मा वाद तेथेच मिटतो.

नव्या नियमाच्या मसुद्यावर म्हणणे मांडावे

बहुतेक देशांत निर्बंध लागू करण्यापूर्वी सरकार मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवते. त्या वेळी कंपन्यांचे आणि मोठ्या संघटनांचे म्हणणे वेळेवर आणि आकड्यांसह पोचते, तर प्रत्यक्ष शेतात आणि पेटीजवळ काम करणाऱ्यांचे पोचत नाही. ते पोचावे असे मला मनापासून वाटते, कारण कोणती अट पाळता येते आणि कोणती फक्त कागदावर राहते, हे त्यांनाच ठाऊक असते. पत्रात भावना थोडक्यात आणि नोंदी सविस्तर असाव्यात: क्रियाशील घटकाचे नाव, पीक, पिकाची अवस्था, फवारणीची तारीख आणि वेळ, वापरलेले प्रमाण, आधी आणि नंतर मोजलेल्या माश्या, वसाहतींची स्थिती, आणि त्या औषधाशिवाय कीड आटोक्यात आणली असेल तर कोणत्या उपायाने. मसुद्यातील ज्या कलमाविषयी म्हणणे आहे त्याचा क्रमांक द्यावा, आणि नुसता विरोध किंवा पाठिंबा न देता हवा असलेला शब्द सुचवावा, उदाहरणार्थ ‘माश्या भेट देत असताना’ऐवजी ‘पीक किंवा तणे फुलोऱ्यात असताना’. मुदतीनंतर आलेल्या सूचनांचा विचार करण्याचे बंधन सरकारवर नसते, म्हणून मसुदा हाती येताच शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि पत्राची पोच मागून घ्यावी.